मागचं डावं चाक

आमच्या पप्पांना गॅरेजच्या रस्त्यावर सगळे ‘ठिपकेवाले’ म्हणतात. चाक बसवायचं, जॅक खाली घ्यायचा, नट शेवटचे आवळायचे आणि मग प्रत्येक नटावर पिवळ्या रंगाचा ठिपका द्यायचा, ही त्यांची पद्धत. ठिपका दिसला की ड्रायव्हर लोक त्या चाकाकडे पुन्हा बघत नाहीत. पप्पांना याचा अभिमान आहे. ख्रिस्ती माणसाने अभिमान मिरवू नये म्हणून ते तो लपवतात, आणि तो काही केल्या लपत नाही.

त्या रविवारी त्यांच्या पायाला भिंगरी लागली होती. चहा अर्धा टाकून उठले, बूट घालून पुन्हा काढले, दोनदा फाटकापर्यंत जाऊन आले. चर्चमध्येही तेच. मी शेजारी बसले होते आणि त्यांचा उजवा हात मांडीवर सारखा पाना फिरवल्यासारखा वळत होता. मागच्या बाकावरच्या दोघी बघत होत्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“काय चाललंय तुमचं?” मी कुजबुजले.

“काल ठिपके आधी दिले,” ते म्हणाले.

मग तुटक तुटक सगळं बाहेर आलं. वृद्धाश्रमाची व्हॅन होती, चारही चाकं काढलेली. डबीतला रंग सुकत आला होता, म्हणून गाडी जॅकवर असतानाच त्यांनी सगळ्या नटांना ठिपके देऊन टाकले. गाडी खाली घेऊन तीन चाकं आवळली आणि कुणीतरी बॅटरीसाठी हाक मारली. परत येऊन चौथं, मागचं डावं, आवळलं की नाही, तेच आठवत नव्हतं. ड्रायव्हर पहाटे व्हॅन घेऊन गेला होता. आज बारा आज्या त्याच व्हॅनमधून डोंगरापलीकडच्या तळ्यावर सहलीला निघाल्या होत्या.

“फोन करा ना.”

“तीनदा केला. गाडी हातात असली की तो फोन बंद ठेवतो. शहाणा माणूस आहे. आणि आश्रमाच्या ऑफिसात रविवारी कोण असणार?”

“आवळलं असणार, पप्पा. तुमच्या हाताला सवय आहे. आता प्रार्थना करा आणि गप्प बसा.” हे मीच म्हणाले, कबूल करते.

“सकाळपासून तीच करतोय गं,” ते म्हणाले. “पण पाना प्रभूच्या हातात नव्हता. माझ्या हातात होता.”

तेवढ्यात पाळकसाहेबांनी त्यांना वाचनासाठी बोलावलं. पप्पा पुढे गेले, चष्मा लावला, दोन वचनं वाचली. तिसरं अर्ध्यावर सोडून पुन्हा पहिल्यावर आले. मग त्यांनी पवित्र शास्त्र मिटलं.

“माफ करा, पाळकसाहेब. माझं एक काम अर्धं राहिलंय.”

आणि भर मंडळीतून ते सरळ दाराकडे चालू लागले. मला इतका राग आला की बसूनच राहावंसं वाटलं, पण स्कूटरची किल्ली माझ्याकडे होती.

गॅरेजमधून पाना उचलला आणि निघालो. पप्पा मागे बसून एका दमात “हळू चालव” आणि “जरा ओढ की” असं दोन्ही सांगत होते. प्रत्येक वळणावर मान वाकडी करून रस्त्याच्या कडेला बघत होते. त्यांना काय दिसायची भीती वाटतेय हे मला कळत होतं, आणि आता मलाही तीच वाटायला लागली.

व्हॅन डोंगराच्या पायथ्याशी चहाच्या टपरीपुढे उभी होती. आज्या बाकांवर बसून गप्पा मारत होत्या. माझा जीव भांड्यात पडला. “गुपचूप बघून घ्या,” मी म्हणाले. “कुणाला कळायला नको.”

पप्पा पाना घेऊन मागच्या डाव्या चाकाशी वाकले. पहिला नट अर्धा फेरा फिरला. दुसरा त्याहून जास्त. पाचही फिरले, तेव्हा कुठे घट्ट बसले.

ड्रायव्हर चहाचा ग्लास घेऊन आला. “काय मिस्त्री, इकडे कुठे?”

“सहज, इकडूनच चाललो होतो,” मी पटकन म्हणाले.

“सहज नाही,” पप्पा उभे राहिले. “हे चाक मी काल आवळलंच नव्हतं. ठिपका मात्र दिला होता.”

“मी तर ठिपका बघूनच निघालो.”

“हो. म्हणून सांगतोय.”

आज्यांच्या गप्पा थांबल्या. एकीने विचारलं, “म्हणजे वाटेत चाक निघालं असतं?”

“निघालं असतं, आजी. चूक माझी.”

सुकणारा रंग, बॅटरीवाला, यातलं त्यांनी काहीच सांगितलं नाही. माझ्या अगदी जिभेवर आलं होतं, पण त्यांच्याकडे बघून मी गिळलं. त्यांनी पाना ड्रायव्हरपुढे धरला.

“आता चारही चाकं तुम्ही बघा. मी आवळलंय म्हणून सोडू नका.”

ड्रायव्हरने ग्लास खाली ठेवला आणि पाना घेतला. ठिपके द्यायला लागल्यापासून नऊ वर्षांत पप्पांचं काम कुणी तपासलं नव्हतं. तो पुढच्या चाकापासून सुरू झाला, एकेका नटाला पाना लावून सगळा जोर देत. मला ते बघवेना, मी मान फिरवली. पप्पा मात्र हात मागे बांधून त्याच्याबरोबर चाकामागून चाक सरकत राहिले, आणि एक नट त्याच्याकडून राहिला तेव्हा त्यांनीच तो बोटाने दाखवला.