मैद्याच्या चाळणीतली तीनशे वर्षं

आमच्या धाकट्या भाऊजींना घरात सगळे किडोबा म्हणतात आणि तेही त्या हाकेला ओ देतात. गेली एकोणीस वर्षं ते संग्रहालयाच्या मागच्या खोलीत चिखल धुतात. दूरच्या एका बेटावरच्या दलदलीतून नळ्या भरून चिखल येतो. तो चाळून रॉकेलमध्ये ढवळला की जुन्या किड्यांची डोकी नि पंखांची कवचं वर तरंगतात. रॉकेलचा वास भाऊजींच्या आधी घरात शिरतो. मागे एकदा लग्नाचं अगदी जमत आलं होतं. मुलीने छंद विचारला, तर यांनी खिशातून शेणकिड्याची कुपी काढली. विषय तिथेच मिटला.

जेवताना ते त्या बेटाची गोष्ट सांगतात. खालच्या थरात नुसते जंगली किडे, म्हणजे तेव्हा नुसती झाडं. वरच्या थरात ते गायब नि शेणातले, धान्यातले किडे हजर. म्हणजे माणूस आला, त्याने झाडं तोडली, गुरं आणली, पोती उतरवली. माणसाची पावलं पुसली जातात, त्याचे किडे राहतात. यावर आमचे हे म्हणतात, पाहुणे गेल्यावर काय काय मागे राहतं ते आम्हालाही ठाऊक आहे.

गेल्या आठवड्यात संग्रहालयातली चाळणी फाटली आणि नवीन लगेच मिळेना. भाऊजी तीन नळ्या घरी घेऊन आले. मी पूजेला बसले होते, तेव्हा त्यांनी न विचारता गव्हाच्या डब्यावरची मैद्याची चाळणी घेऊन न्हाणीघरात चिखल चाळला. गुरुवारी न जेवताच कुपी नाचवत बाहेर आले. जंगली किड्यांच्या थरात धान्यातला सोंडकिडा सापडला होता. त्याला उडता येत नाही, माणसाच्या पोत्यात बसल्याशिवाय तो समुद्र ओलांडणार कसा? म्हणजे बेटावर माणूस आजवर मानलं त्याच्या तीनशे वर्षं आधीच पोचला होता. सोमवारी संग्रहालयातल्या त्यांच्या वरिष्ठ मॅडमना सांगायचं ठरलं. अहवालावर भाऊजींचं नाव येणार होतं. एकोणीस वर्षांत ते हजेरीपटाशिवाय कुठे आलं नव्हतं. सदरा त्यांनी स्वतः इस्त्री केला नि कॉलर जाळली.

रविवारी त्यांनी मला भिंगातून तो किडा दाखवला. मी भिंग पदराने पुसून पुन्हा पाहिलं. बाकीचे किडे म्हणजे कुठे डोकं, कुठे अर्धं कवच. या साहेबांचे सहाही पाय जागच्या जागी, मिशाही शाबूत.

आता बोलायचं तर पंचाईत माझीच. पंधरा वर्षं मी आल्यागेल्याला सांगत आलेय की आमच्या धान्यात किडा औषधालाही सापडायचा नाही. देवापुढे जाऊन बसले. म्हटलं, हा बेटावरचाच निघू दे. देव असल्या भानगडीत पडत नाही. पण गप्प बसणं हेही खोटंच, हे मला कुणी सांगायला नको होतं.

"भाऊजी, इतकी वर्षं चिखलात राहून याचा एकही पाय कसा मोडला नाही?"

"जपून राहिला असेल, वहिनी."

"चाळणी आणा बघू."

कागदावर चाळणी आपटली, तर कडेच्या पत्र्यातून आणखी दोन पडले. एक चालायला लागला. हे म्हणाले, यालाही अहवालात घ्या, साक्षीदार जिवंत आहे. भाऊजींनी त्या चालत्या किड्यावर कुपी पालथी घातली. मला वाटलं, आता रडतील. ते म्हणाले, "बरं झालं, आज कळलं."

सोमवारी त्यांनी मॅडमना आपणहून सगळं सांगितलं. मॅडम आधी पोट धरून हसल्या, मग तिन्ही नळ्यांतला उरलेला चिखल नव्या चाळणीने चाळायला लावला. एकही सोंडकिडा निघाला नाही. अहवालात एक ओळ पडली, की घरगुती चाळणीतून आलेला किडा अमुक यांनी ओळखून वगळला. अमुक म्हणजे आमचे किडोबा. नाव आलं, पण किड्याच्या शेजारी. त्यांनी ते पान चारदा वाचून दाखवलं. ओळखला कुणी, तो विषय मी काढला नाही.

गव्हाचा डबा मी अंगणात पालथा केला. भाऊजींनी उन्हात बसून एकेक किडा निवडला आणि चिठ्ठी लावून कुपीत भरला. आमच्या घरात मनुष्यवस्ती असल्याचे पुरावे अडतीस निघाले.