मूकपटाचं शेवटचं रीळ

जुन्या मूकपटांची रिळं जमवायचा मला नाद आहे. आमच्याच शहरात, क्वीन्सटाउन भागात राहणाऱ्या एका चिनी आजींना एक विनोदी प्रेमकथा विकायची होती. नवरा बायकोवर संशय घेतो, खोट्या मिशा लावून तिच्यामागे फिरतो, अशी. इतर प्रतींत शेवटचं रीळ सापडत नाही, आजींकडे ते होतं. म्हणून संग्राहक त्या प्रतीवर डोळा ठेवून होते.

आजींचा मेसेज आला, 'शनिवारी ये. एकटाच ये.'

शनिवारी मी बूट घालत होतो, तर बायको पर्स घेऊन दारात उभी.

"मीही येते."

"तुला तर कंटाळा येतो या सगळ्याचा."

"आज सहज."

घराजवळच्या जुरोंग ईस्ट स्टेशनहून ट्रेन सुटली. ती खिडकीबाहेर बघत राहिली. काहीतरी बिनसलंय एवढंच कळत होतं.

काठी टेकत आजींनी दार उघडलं आणि बायकोला हसू फुटलं. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

"मेसेज वाचलास?" मी हळूच विचारलं.

"हो. एकटाच ये म्हणे."

"मग विचारायचंस ना."

"तू काहीतरी सांगितलं असतंस. मला बघायचं होतं."

एकटाच ये म्हणण्याचं कारण आत गेल्यावर दिसलं. प्रोजेक्टर लावल्यावर खोलीत जेमतेम दोन खुर्च्या मावत होत्या. मी भिंतीला टेकून उभा राहिलो. शेवटच्या रिळात कळलं, बायकोने नवऱ्याला पहिल्याच दिवशी ओळखलं होतं. ती त्याच्या मिशा काढते, त्याच्याच हातात देते आणि बाजूला बसते. बस्स, एवढंच.

"माझे मिस्टर हे रीळ लावू देत नसत," आजी म्हणाल्या. "त्यांनी माझ्यामागे माणूस लावला होता."

"मग तुम्ही काय केलंत?" बायकोने विचारलं.

"राहिले त्यांच्याबरोबर. पण त्यांना कधी सांगितलं नाही, की मला माहीत आहे."

मग रीळ डब्यात ठेवत त्या मला म्हणाल्या, "माफ कर. आता विकवत नाही."

मी आग्रह केला नाही. रिकाम्या हातांनी आम्ही स्टेशनवर आलो. प्लॅटफॉर्मवर बायकोचा फोन वाजला. तिने नाव पाहून तो कट केला.

"कोण होतं?"

"ऑफिसमधलं."

ट्रेन आली. आम्ही शेजारी बसलो. थोड्या वेळाने तिने फोन माझ्यापुढे धरला, "बघायचाय?"

"नको," मी म्हणालो. घर येईपर्यंत मात्र मला स्वस्थ बसवेना.