न्यूट्रिनो आणि काळ्या वाटाण्याचं सांबारं

माझी मुलगी न्यूट्रिनो शोधते. चाळीत कोणी विचारलं तर मी एवढंच सांगते आणि पुढचा प्रश्न यायच्या आत दार लावून घेते. मी चौथीपर्यंत शिकले. तिने समजावलं ते असं: आकाशात फार लांब काही भयंकर घडलं की हे कण सुटतात. कशालाच अडत नाहीत, आपल्या अंगातूनही आरपार जातात. चुकून एखादा सापडतो. त्यासाठी दक्षिण ध्रुवावर बर्फात खोल यंत्रं पुरली आहेत, आणि ही लालबागला बसून त्यांची माहिती चाळते.

"सापडलेल्याचं काय करतेस?"

"कुठून आला ते बघते."

"एवढी चौकशी एखाद्या स्थळाची केली असतीस तर!"

पाच वर्षं ती एकाच आकाशगंगेच्या मागे होती. त्यांच्यात एक सोवळं आहे. कोणता कण धरायचा, कोणता सोडायचा, ती चाळणी आधी ठरवायची. तोवर निकाल झाकलेला. झाकण काढल्यावर चाळणीला हात लावायचा नाही. तिचं कंत्राट दिवाळीनंतर संपणार होतं. निकाल चांगला आला तर कायमच्या नोकरीची आशा होती.

झाकण काढायला तिच्या युरोपातल्या सोबत्यांनी नेमका गणेशचतुर्थीचा दिवस धरला. त्यांना काय त्याचं! मी काळ्या वाटाण्याचं सांबारं ढवळत होते, ती ओट्याशेजारी लॅपटॉप घेऊन बसली होती. एकदम पडद्याजवळ वाकली.

"काय गं?"

"तिथून काही आलंच नाही. नेहमी इकडून तिकडून येतात तेवढेच आहेत." मग हळूच म्हणाली, "चाळणी जरा मोठ्या भोकांची घेतली असती, तर दिसले असते बहुतेक."

"मग घे की आता."

"आता मी बघितलंय, आई."

"इथे लालबागला कोण तपासायला येतंय?"

ती हसली नाही. पण लॅपटॉप बंदही केला नाही, हे मी पाहिलं.

आमच्यात नैवेद्याचं चाखत नाहीत. मीठ हाताच्या अंदाजाने. आरती झाली, नैवेद्य दाखवला, पानं वाढली. दिराने पहिला घास घेतला आणि तांब्याच तोंडाला लावला.

"वहिनी, समुद्र आपण गावी ठेवून आलो होतो ना?"

मीठ दोनदा पडलं होतं. एकदा मी घातलं, आणि मी फुलं निवडायला उठले तेव्हा लेकीनेही घातलं. मी तिरीमिरीत उठले. बटाटे टाकते, उकळी आणते, पुन्हा नैवेद्य दाखवू म्हणाले.

"बस गं आई," मुलगी म्हणाली. "बाप्पाने खारट खाल्लं ते खाल्लं. आता दुसरं दाखवून ते पुसलं जाणार आहे का?"

"मग तूही तुझ्या चाळणीला हात लावू नकोस," मी म्हणाले. चिडून म्हणाले; उपदेश करायचं माझ्या मनातही नव्हतं.

तिने लॅपटॉप मिटला. पुढे तिने तसंच छापलं: इथे शोधलं, मिळालं नाही. मला वाटलं, गेली नोकरी.

त्या नोकरीच्या मुलाखतीत एका म्हाताऱ्या शास्त्रज्ञाने तिला विचारलं, "निकाल पाहिल्यावर चाळणी बदलावीशी नाही वाटली?"

"वाटली ना. आईने तर बदल म्हणून सांगितलंच होतं."

सगळे हसले म्हणे. नोकरी मिळाली, कायमची. मी मात्र तिच्याशी भांडले, माझं कशाला काढलंस म्हणून.

"त्यांनी विचारलं, मी खरं ते सांगितलं."

आता कधी तिच्या संस्थेत गेले की लोक मला चहा देतात आणि आपसात हसतात. हसू देत. मी दोन कप पिते.