माईक त्यांनीच काढून दिला

लाज वाटतेय, तरी लिहितोय.

कोविडमध्ये वृद्धाश्रमात दगावलेल्यांच्या नातेवाईकांनी आज पार्ल्यात पत्रकारांना बोलावलं होतं. आमच्या चॅनलकडून मी गेलो.

खारदांड्याच्या रेखाताई बोलत होत्या, "आईच्या खोलीत कोणी जायचंच नाही. ती फोन करून माझ्याकडे पाणी मागायची. शेवटच्या दिवशी तर..."

तेवढ्यात डेस्कचा फोन. "जुनं झालं रे ते. जुहूला हीरो आलाय, पळ!"

टेबलावरचा आमचा माईक मी वाकून हळूच ओढायला लागलो. ताई थांबल्या. वायरींच्या गुंत्यातून त्यांनीच तो सोडवून माझ्या हातात दिला.

"घ्या दादा, इथेच राहील तुमचा."

हीरोचा व्हिडिओ तुम्ही पाहिलाच असेल. ताईंचं ते अर्धं राहिलेलं वाक्य पुढे कोणी ऐकलंय का?