चिंचेने घासलेलं वजन
परवा बायको देवघरातली समई चिंचेने घासत होती आणि त्या आंबट, पितळी वासाने मी तिथून उठूनच गेलो. तिकडे हिंदी मुलखात, वजनकाटे तपासणाऱ्या सरकारी कचेरीत मी नुकता लागलो होतो तेव्हाची गोष्ट. तपासणीच्या मानक वजनाला बोटही लावायचं नाही, ते चिमट्यानेच उचलायचं, हे मला बजावलेलं होतं. पण पन्नास ग्रॅमचं ते काळवंडलेलं पितळ मला बघवेना, म्हणून शाहपुऱ्याला घरी नेऊन मी ते आईसारखं चिंच-राखेने घासघासून चकचकीत केलं. "अरे वा, आज तो बाट दूल्हा बना है!" वजनाकडे बघत साहेब हसले. त्याच दिवशी साहेबांबरोबर तपासणीला गेलो, तर एका म्हाताऱ्या सराफाच्या काट्यावर ते वजन कमी भरलं. समोर एक बाई जुन्या बांगड्या मोडायला आली होती. "मतलब सबका सोना कम ही तौलते आए, चाचा?" असं म्हणत तिने बांगड्या पर्समध्ये टाकल्या आणि ती निघून गेली. काटा बरोबर होता, झिजलं होतं ते आमचं वजन, हे माझ्या तेव्हाच लक्षात आलं. "काँटा ही ग़लत है, पक्का?" साहेबांनी मला विचारलं. मी होकाराची मान हलवली. म्हातारा भांडला असता तर बरं झालं असतं. पण त्याने माझ्यापुढे हात जोडले. "सरकारी बाट है साहब, वो थोड़े ही झूठ बोलेगा. काँटा ही हमारा बिगड़ा होगा." मी वजन उचलून मखमलीच्या पेटीत ठेवलं, अगदी जपून, चिमट्याने. "अहो, बघा तरी, कशी लख्ख निघाली!" परवा बायकोने मागोमाग येऊन समई माझ्यापुढे धरली, आणि मला मान वर करवेना.