माहेराला गेलेला टॉवर

निवृत्त झाल्यापासून आमच्या पेन्शनर मंडळींच्या वार्षिक अंकात मी दरवर्षी काहीतरी लिहीत आलो. खांबासाठी खड्डा खणताना निघालेला साप, लग्नाच्या वरातीत तुटलेली तार, असलं काहीबाही. लोक हसायचे. एका गावाबद्दल मात्र कधी लिहिलं नाही. लिहायला बसलो की सोलापूरच्या उन्हाचं वर्णन करत राहायचो आणि शेवटी कागद बाजूला सारायचो. ऊन हे चांगलं निमित्त होतं. आता वय झालं. निमित्तं नकोत.

माझी नोकरी टेलिफोनची. शेवटच्या वर्षांत माझ्याकडे जे काम होतं, त्याची माहिती लोकांना नसते. फोन कंपन्यांच्या उत्पन्नातला थोडा वाटा सरकार घेतं आणि तो एका वेगळ्या निधीत ठेवतं. ज्या गावात धंदा होणार नाही म्हणून कुठलीच कंपनी आपणहून टॉवर उभारत नाही, त्या गावांसाठी तो पैसा. म्हणजे शहरातला माणूस जे बिल भरतो, त्यातलं थोडंसं कुठल्यातरी माळावरच्या माणसाच्या फोनसाठी जातं. कल्पना चांगली आहे. तेव्हाही मला ती चांगलीच वाटायची. नव्या पोरांना मी ती फळ्यावर आकृती काढून समजावून सांगायचो.

पण निधी कितीही असला तरी एका खेपेला टॉवर मोजकेच येतात. मग कुठल्या गावात रेंज नाही, हे कुणीतरी जाऊन पाहावं लागतं. आमच्या भागात ते पाहणारा मी होतो. मी ‘नाही’ लिहिलं तर गाव यादीत जायचं, ‘आहे’ लिहिलं तर यादीबाहेर. या कामात एक गंमत होती. ‘नाही’ लिहिलं की वरून विचारणा व्हायची : कुठे कुठे उभे राहिलात, किती ठिकाणी मोजलं, नोंदी कुठे आहेत? कारण ‘नाही’ला पैसा लागतो. ‘आहे’ला काहीच लागत नाही. म्हणून ‘आहे’बद्दल मला कुणी कधी काही विचारलं नाही.

माळशिरस तालुक्यात कालव्याचं पाणी पोचलं तिथे ऊस झाला, न पोचलं तिथे मेंढरं राहिली. त्या कोरड्या बाजूला शेजारी शेजारी दोन गावं होती. मधे ओढा आणि टेकडीची सोंड, त्यामुळे एका गावच्या टॉवरची रेंज दुसऱ्या गावात पोचली नसती. टॉवर एकच मिळणार होता. दोन्हीकडे रेंज नसेल तर तो मोठ्या गावाला, असा नियम होता. मोठं गाव अलीकडचं. तिथे सरपंच एक बाई होती, चाळिशीच्या आतबाहेरची. नवरा वर्षातले बरेच महिने मेंढरं घेऊन परमुलखात. ओढ्यापलीकडचं धाकटं गाव हे तिचं माहेर.

मी गेलो तेव्हा मे महिना होता. जीप शाळेपाशी थांबवली. ड्रायव्हर आणि मी शाळेच्या स्लॅबवर चढलो, फोन वर धरला. कुठल्यातरी लांबच्या टॉवरची एक काडी आली, गेली, पुन्हा आली. खाली उतरलो तर बाई डोक्यावर पदर ओढून उभी.

“साहेब, हितं कोन राहतंय?” ती म्हणाली. “शाळा, पंचायत अन् माजं घर तेवढं हितं. माणसं समदी वस्त्यांवर हायती. टेकडीमागं चला. तितं फोन म्हंजी नुसता दगड हाय.”

“स्लॅबवर येते की रेंज.”

“मग काय, मालकांचा फोन आला की मी पदर खोचून शाळंवर चडू व्हय? मास्तर काय म्हनतील?”

ड्रायव्हर हसला. मीही हसलो. म्हणालो, आधी जेवून घेऊ, ऊन जरा उतरलं की वस्त्यांवर जाऊ.

तिच्या ओसरीवर जेवलो. ज्वारीची भाकरी, शेंगाचटणी, फोडलेला कांदा आणि ताक. हे मुद्दाम लिहितो आहे, कारण पुढे या जेवणाचं बरंच काही झालं. जेवून लिंबाखाली बाजेवर पडलो आणि झोप लागली. जाग आली तेव्हाही टेकडी तापलेलीच होती. पायवाटेला सावली नव्हती. मी ड्रायव्हरला जीप माळशिरसकडे वळवायला सांगितलं आणि बाईला म्हणालो, “तुमच्या वस्त्या मी धरल्या आहेत. बघितल्यासारखंच आहे.”

तिने हात जोडले. “तेवढं करा साहेब. मेंढरामागं गेल्यालं माणूस जितं हाय का न्हाय, ते बी कळत न्हाय बगा आमाला.”

‘नाही’ लिहायचं तर वस्त्यांवरच्या नोंदी हव्या होत्या, आणि त्या माझ्याकडे नव्हत्या. परत जायचा कंटाळा आला. मी ‘आहे’ लिहिलं. वस्त्यांवर जाऊन पाहिलं, असंही लिहिलं. पलीकडच्या गावात मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी गारव्यात गेलो, नीट फिरलो आणि खरं ते लिहिलं. तिथे रेंज नव्हती.

टॉवर पलीकडे झाला.

गावाने त्याचा अर्थ लावला. तो मी लावून दिला नव्हता, पण लावायला जागा मीच ठेवली होती. साहेब आले, बाईच्या घरी जेवले, झोपले, वस्त्यांवर न जाताच निघून गेले, आणि टॉवर उभा राहिला बाईच्या माहेरात. सासरी नांदणारी बाई किती वर्षं झाली तरी मनाने माहेरचीच, असं म्हणायला आपल्याकडे पुरावा लागत नाही. पाणवठ्यावर, एसटीत, लग्नात तिला ऐकवू लागले, “सरपंचबाई, माहेरला जाऊन फोन लावा की, तितं लई रेंज हाय!”

ग्रामसभेत विषय निघाला आणि गावाने कार्यालयाचा माणूस मागितला. कार्यालयातल्या वरच्या साहेबांनी मलाच पाठवलं. देवळापुढे सतरंजी टाकली होती. सरपंचपदासाठी टपलेला एक सदस्य पुढेच बसला होता. मी टेकतो न टेकतो तोच त्याने विचारलं, “साहेब, बोकड कवळं हुतं का जून?”

मला आधी कळलंच नाही. मग सभा हसली. भाकरी आणि चटणीचं तोवर बोकड झालं होतं.

“टॉवरनं वड्यापल्याड उडी मारली म्हंजी कवळंच असनार,” मागून कुणीतरी म्हणालं.

“आता फोन करायचा तर माहेराला जायाचं. चोळी-बांगडी बी मिळतीया!”

बाई उभी राहिली. तिचा आवाज चढलेला नव्हता. “साहेब, तुमीच सांगा. मी तुमाला वस्तीवर चला म्हनलं का न्हाय? तेवढंच सांगा.”

एवढंच सांगायचं होतं. हो किंवा नाही. हो म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न माझ्यावर आला असता : मग का गेला नाहीत? मग चौकशी, आणि माझी निवृत्ती जवळ आलेली. हे सगळं त्या वेळी डोक्यात नीट आलं असं म्हणणंही खोटं होईल. डोक्यात काही नव्हतं. मी उठलो आणि म्हणालो, “निर्णय निकषांनुसार वरून झालेला आहे. पुढची योजना आली की तुमच्या गावाचा विचार होईल.”

मी बोकडाबद्दलही काही बोललो नाही.

बाई सभेकडे वळून म्हणाली, “ठीक हाय. ह्या गावात टॉवर हुईस्तवर मी माहेरचं पानी पिनार न्हाय. मग तर पटंल?”

सभा उठली. तरी महिनाभरात त्या सदस्याने तिच्यावर अविश्वास ठराव आणला आणि तो मंजूर झाला. पद गेलं त्याचं तिला फार नसावं. बोललेलं मात्र तिने पाळलं. पंचमीला ती माहेरी गेली नाही. तिची आई ओढ्यापलीकडे होती, थकलेली. कधीमधी आईच काठी टेकत अलीकडे यायची. पुढे आईला ते जमेना. हे मला ड्रायव्हरने सांगितलं. त्याची बायको त्याच भागातली. तो जीप चालवता चालवता सांगायचा आणि मी खिडकीबाहेर बघायचो. आई गेली तेही त्यानेच सांगितलं. मी “अरेरे” म्हणालो आणि त्याला मोहोळला चहाला गाडी थांबवायला सांगितलं.

तसाच निवृत्त झालो. निरोप समारंभात माझ्या सचोटीबद्दल बोलले. मला काही वाटलं नाही. वाटायला हवं होतं, एवढं कळत होतं.

मधे बरीच वर्षं गेली. त्याच निधीतून राहिलेल्या गावांना टॉवर द्यायची नवी योजना आली आणि त्यात ते गाव लागलं. टॉवर उभा राहिल्याचं कळलं तेव्हा मी एसटीने गेलो. टेकडीमागच्या वस्तीवर पहिल्यांदाच गेलो. वाट फार लांबची नव्हती. मग शाळेपाशी बाईच्या घरी आलो.

बाई ओसरीवर ज्वारी पाखडत होती. केस पिकले होते. मला बघून सूप खाली ठेवलं. “टॉवरवालं साहेब न्हवं तुमी? बसा, बसा. लई वाळलासा.”

मी बसलो. वाक्य जुळवून आलो होतो. एसटीत पुन्हा पुन्हा म्हणून पाहिलं होतं.

“त्या सभेत तुमाला बी लई बोलली लोकं,” तीच म्हणाली. “आमच्यापायी. मी तवापासनं समद्यास्नी सांगत आले, साहेबाचं काय चुकलं? त्येनं खरं तेच लिवलं असंल. वरच्यांनी खोडलं. जेवल्याल्या घराला मानूस असं करत न्हाय.”

सुपातल्या ज्वारीत एक किडा चालत होता.

“ताक देऊ का च्या?”

“ताक.”

ती आत गेली, ताक घेऊन आली. मी विचारलं, “आता माहेरी जाता का?”

“कुनाकडं जाऊ? आय गेली. तिच्या मातीला गेलते, पानी न पिता माघारी आले. भावजय तांब्या घिऊन वड्यापातूर माझ्या मागं आली. लोकं म्हनली, बाई हट्टी हाय. हट्ट न्हाय वो. तोंडातनं शब्द गेला हुता.”

मी ताक प्यालो. तोंड उघडलं तेव्हा ऊन किती आहे, असं काहीतरी बोललो. इतकी वर्षं ती गावापुढे माझी बाजू घेत आली होती आणि मी तिच्या ओसरीवर बसून तेही ऐकून घेतलं. ती फाट्यापर्यंत सोडायला आली. “पुन्यांदा या, जेवायला या,” म्हणाली. दिवाळीनंतर नक्की येतो, म्हणालो. दिवाळीनंतर गुडघ्यांचं निमित्त झालं. थंडीत ड्रायव्हरचा फोन आला, की बाई गेली.

त्या गावातल्या कुणी हे वाचलं तर त्यांनी समजून घ्यावं. बोकड कापलेलं नव्हतं. बाईने टॉवर माहेराला दिला नव्हता. तो तिच्या हातात कधी नव्हताच, माझ्या हातात होता. हे देवळापुढच्या त्या सतरंजीवर सांगायला हवं होतं. आणि तिला तिच्या ओसरीवर जे सांगायला गेलो होतो ते असं होतं : बाई, वरच्यांनी काही खोडलं नाही. तुम्ही वस्तीवर चला म्हणाला होतात आणि मी आलो नाही. खोटं मी लिहिलं. तुमची आई तुमच्या वाटेकडे बघत गेली, ती माझ्यामुळे. मला माफ करा.