जैनीचा बिल्ला

चैत्रातल्या सकाळी शाळेचं कुलूप काढायच्या आधीच मोहाच्या फुलांचा वास येतो. गोड, जड, किंचित आंबूस. शाळेमागच्या मोठ्या मोहाखाली फुलं टपटपत असतात आणि अर्धा वर्ग टोपल्या घेऊन तिथेच वाकलेला असतो. हा वास मला एकेकाळी फार आवडायचा. आता तो आला की दार लावून घ्यावंसं वाटतं. झाडाला कशाला बोल लावू? दोष माझाच आहे.

मी चंद्रपूर शहरातली. अहेरीपलीकडच्या या गोंड वस्तीत शिकवायला आले ती डोक्यात भरपूर उत्साह घेऊन. जैनी चौथीत होती त्या वर्षी, पोळा झाल्यावर, मी मुलांचं मंत्रिमंडळ निवडायला काढलं. कोवळ्या वयातच नेतृत्वाचे संस्कार व्हावेत असं वरून आलेल्या कागदात लिहिलं होतं, आणि माझाही त्यावर भाबडा विश्वास. मी चिठ्ठ्या कापल्या, खोक्याला भोक पाडलं. पण चिठ्ठी कोणी उचलेचना! एकीला निवडायचं म्हणून दुसरीला पाडायचं कशासाठी, हेच त्यांना उमजेना. या गावात मोठी माणसंही काही ठरवताना हात मोजत नाहीत. एकाला जरी पटलं नसेल तरी पुन्हा बसतात. तशी ही पोरं मोहाखाली गोल करून बसली, दोन दिवस गोंडीत कुजबुजत राहिली, आणि तिसऱ्या दिवशी त्यांनी जैनीला माझ्यासमोर उभं केलं. सगळ्यांत कमी बोलणारी मुलगी! मी कपाळावर हात मारला आणि मुख्यमंत्र्याचा बिल्ला तिच्या फ्रॉकला लावला.

पण काय सांगू तुम्हांला! ती कुणावर ओरडली नाही, कुणाला ढकललं नाही. हापशीवर पहिलीतली पोरं आधी पाणी पिऊ लागली. मोह सुरू झाला तेव्हा फुलं कुणी कधी वेचायची, शाळेत कुणी कधी यायचं, याच्या पाळ्या तिने प्रत्येकाला विचारून लावल्या. मी हे सारं रोज पाहत होते, आणि माझ्या लक्षात काहीच येत नव्हतं.

मग तपासणीला साहेब आले. मी जैनीकडून भाषण घोकून घेतलं होतं. ते त्यांनी ऐकलंच नाही. शाळेला एकच वस्तू मिळणार असेल तर काय हवं, एवढंच विचारलं. जैनीने वळून मागच्या मुलांकडे पाहिलं.

“मी एकटी कशी सांगू? सगळ्याईले इचारा लागते.”

साहेब हसले. सोबतचे हसले. आणि मी, तिची बाई, मीसुद्धा हसले! गाडी गेल्यावर माझी सारी शरम त्या पोरीवर निघाली. पुढाऱ्याला पटकन उत्तर देता आलं पाहिजे, असं सर्वांदेखत सुनावून मी तिचा बिल्ला ओढून काढला आणि पाचवीतल्या एका बोलघेवड्या मुलीला लावला. जैनी रडली नाही. पिनेने फाटलेल्या जागेवर तिने नुसता तळहात ठेवला.

मुलं हुशार असतात, चटकन शिकतात. झाडाखालचं ते बसणं थांबलं. आता हात वर होतात, मतं मोजली जातात, हरलेली पोरं आठवडाभर अबोला धरतात आणि हापशीवर दांडगे आधी पितात. तपासणीच्या वहीत आमच्या मंत्रिमंडळाला ‘उत्तम’ शेरा आहे. जे त्यांना कुणी शिकवावं लागलं नव्हतं, तेच मी शिकवण्याच्या नावाखाली हिरावून घेतलं. आता ते कुठून आणून देऊ?

परवा राहवलं नाही. सकाळीच मोहाखाली गेले, जैनीजवळ बसले. ती आता पाचवीत आहे. पूर्वीसारखे सगळे गोल बसा आणि तुम्हीच ठरवा, असं म्हणून मी बिल्ला तिच्यापुढे धरला. तिने फुलं वेचता वेचताच उत्तर दिलं, अगदी पटकन, मी शिकवलं होतं तसं.

“तुमीच सांगा ना, बाई. तुमी सांगान तसं करू.”

एवढ्यात घंटा झाली. तिने टोपली बाजूला ठेवली आणि रांगेत जाऊन उभी राहिली. मी बिल्ला मुठीत धरून उठले, आणि वर्गापर्यंत तो वास माझ्या मागोमाग आला.